मानेचा एक्स-रे आणि करिअरच्या दोन वाटा

पीसीबी ग्रुप घेतलेलं मूल घरात असलं की एक प्रश्न ठरलेला: नीटमध्ये मार्क कमी पडले तर काय? मेडिकल इमेजिंगकडे अनेकजण त्यानंतरच वळून बघतात. खरं तर इथे दोन स्वतंत्र वाटा आहेत आणि दोन्हींना वेगवेगळा स्वभाव लागतो. आपलं मूल कुठल्या वाटेचं, हे ओळखायला मानेच्या मणक्यांची झीज हे उदाहरण चांगलं आहे.

फोटो काढणारे

मानेत मणके सात. झीज बहुधा पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मध्ये दिसते. बाजूने एक्स-रे काढताना नेमका हाच खालचा भाग खांद्यांमागे दडतो. म्हणून ड्युटीवरची टेक्नॉलॉजिस्ट रुग्णाला खांदे सैल सोडायला लावते, लागलं तर दोन्ही हातांत वजनं देते, ‘श्वास सोडा, थांबा’ म्हणते आणि बटण दाबते. एक्स-रेची नळी ती सुमारे सहा फूट लांब ठेवते, कारण खांद्यामुळे मान प्लेटला टेकत नाही आणि जवळून काढलं तर मणके मोठे दिसतात. नसा बाहेर पडतात ती छिद्रं पाहायची असतील, तर रुग्णाला ४५ अंशांत तिरकं उभं करते. अपघाताचा रुग्ण असेल तर मात्र ही वजनं चालत नाहीत; तिथे मान हलवायचीच नसते.

हे काम हाताचं, नजरेचं आणि गोड बोलण्याचं आहे. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी आणि पुढे इंटर्नशिप, असा साधारण मार्ग. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा त्यातलाच अभ्यासक्रम.

फोटो वाचणारे

रेडिओलॉजिस्ट व्हायचं तर इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग नीट-पीजी आणि तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी. चकतीची उंची घटली आहे का, कडेला हाड वाढलं आहे का, मागचे छोटे सांधे घासले आहेत का, हे तो पाहतो. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली, शून्य ते चार अशी झिजेची श्रेणी आजही वापरली जाते. पण एकाला जी श्रेणी एक वाटते, ती दुसऱ्याला दोन वाटू शकते.

त्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. साठीनंतर बहुतेकांच्या मानेत झीज दिसते आणि त्यातल्या कित्येकांची मान दुखतही नाही. त्यामुळे नुसतं ‘झीज आहे’ लिहून भागत नाही. नस किंवा मज्जारज्जू दबला आहे का, हे एमआरआयवर पाहून रुग्णाच्या तक्रारीशी ताडावं लागतं. हात बधिर होणं, चालताना तोल जाणं यांचा मेळ फोटोशी बसतो का, असा विचार करण्यात ज्याला रस आहे, त्याने ही लांबची वाट धरावी.

पालकांच्या दोन शंका

‘किरणांचा त्रास होईल ना?’ एक्स-रे आणि सीटी विभागातले कर्मचारी टीएलडी बॅज लावतात. कुणाला किती किरणं लागली, याची त्यावरून नोंद राहते. अणुऊर्जा नियामक मंडळाने पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घातली आहे. शिशाच्या आडोशामागे उभं राहण्याची शिस्त पाळली तर प्रत्यक्ष आकडा तिच्याहून बराच कमी राहतो. एमआरआयमध्ये तर एक्स-रे नसतातच.

‘एआय नोकऱ्या खाईल का?’ चकतीची उंची संगणक मोजेल, श्रेणीही सुचवेल. पण कण्हणाऱ्या आजोबांना नीट उभं करणं आणि दिसणाऱ्या झिजेतली त्रास देणारी कुठली हे ठरवणं, ही कामं माणसाकडेच राहतील असं मला वाटतं. मापं घेण्यापलीकडचं शिकलेल्याला घाबरायचं कारण नाही.

प्रवेश घेण्याआधी

कॉलेजला स्वतःचं किंवा जोडलेलं रुग्णालय आहे का? विद्यार्थ्यांना सीटी-एमआरआयवर प्रत्यक्ष हात चालवू देतात, की फक्त बघायला उभं करतात? पदवी कुठल्या विद्यापीठाची? ब्रोशर बाजूला ठेवा आणि हे प्रश्न शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. फी भरायची ती त्यानंतरच.