दुसऱ्या खेपेची विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफी

पहिल्या गर्भारपणात सोनोग्राफीची तारीख सहसा चुकत नाही. घरात नवलाई असते, पहिलटकरणीसोबत दोघे-तिघे येतात आणि डॉक्टरांचा शब्द न् शब्द टिपून घेतला जातो. दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेस मात्र हा उत्साह ओसरलेला असतो. मोठे मूल बालवाडीत जाऊ लागलेले असते, घरकामातून वेळ निघत नाही आणि ‘पहिले सुखरूप झाले, आता नव्याने काय पाहावयाचे’ असे वडीलधारी मंडळीही म्हणतात. त्यामुळे पाचवा महिना सरल्यावर नाव घालण्यास येणाऱ्यांत दुसरेपणाच्या स्त्रिया पुष्कळ असतात. वैद्यकीयदृष्ट्या परिस्थिती नेमकी उलट आहे. पहिल्या खेपेस या तपासणीपुढे जे प्रश्न नसतात, असे काही प्रश्न दुसऱ्या खेपेस उभे राहतात. आणि त्यांतील एक तर थेट मातेच्या जिवाशी निगडित आहे.

गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात. त्या हिशेबाने अठराव्या ते विसाव्या आठवड्यांत केल्या जाणाऱ्या सविस्तर तपासणीस ॲनोमली स्कॅन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रत्येक गर्भवतीची चोविसाव्या आठवड्यापूर्वी किमान एक सोनोग्राफी व्हावी अशी शिफारस केली आहे. अठरा ते वीस हाच काळ का, याचे कारण साधे आहे. त्याआधी बाळाचे हृदय इतके लहान असते की त्यातील रचना स्पष्ट दिसत नाहीत. पुढे हाडे घट्ट होऊन ध्वनिलहरींना अडवू लागतात, बाळ गर्भाशयात दाटीने वसते आणि दोष आढळलाच तर विचार करण्यास पुरेसा अवधी उरत नाही. विसाव्या आठवड्यात बाळाच्या डोक्याची रुंदी सुमारे ४७ मिलिमीटर, मांडीचे हाड सुमारे ३३ मिलिमीटर आणि वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्याशा देहात हृदयाचे चारही कप्पे वेगवेगळे दिसतात, ही गोष्ट रोज पाहणाऱ्यालाही विलक्षण वाटते.

आता तारखेचा प्रश्न. मूल अंगावर पीत असताना पाळी कित्येक महिने येत नाही, आली तरी नियमित नसते. याच काळात पुन्हा दिवस राहिले तर शेवटच्या पाळीची तारीख सांगणार कशी? पुष्कळ स्त्रिया ‘दिवाळीच्या आधी कधीतरी’ असे सांगतात आणि त्यांचा त्यात काही दोष नसतो. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी झाली असेल तर बाळाचे वय साधारण आठवडाभराच्या फरकाने ठरविता येते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास हा फरक दहा दिवसांपर्यंत जातो. आठव्या-नवव्या महिन्यात तो तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो, कारण तोपर्यंत प्रत्येक बाळाची वाढ आपापल्या चालीने होऊ लागलेली असते. ज्या स्त्रीचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले आहे व दुसरेही ठरवून करावयाचे आहे, तिच्या बाबतीत तीन आठवड्यांची चूक म्हणजे अपुऱ्या दिवसांचे मूल आणि काचेच्या पेटीतील मुक्काम.

तपासणीत डॉक्टर बाळाची पाहणी ठरावीक क्रमाने करतात. डोक्याचे व पोटाचे मोजमाप, मेंदूतील पोकळ्या, ओठ, पाठीचा कणा, हृदय व त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, जठर, मूत्रपिंडे, मूत्राशय, हातपाय, नाळेतील तीन रक्तवाहिन्या, गर्भजल व वार हे सर्व त्यात येते. लहान मेंदूची रुंदी मिलिमीटरमध्ये जितकी, साधारण तितकेच गर्भाचे आठवडे, हा या काळापुरता सोयीचा ठोकताळा आहे. याच लहान मेंदूवरून कण्याचा दोषही ओळखता येतो. कण्याची नळी नीट बंद झाली नसेल तर मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जातो. मग कवटी पुढच्या बाजूने चेपून लिंबासारखी दिसते आणि लहान मेंदू वाकून केळ्यासारखा. ही दोन्ही चिन्हे १९८६ साली लंडनमधील डॉक्टरांनी नोंदविली आणि आजही जगभर ती लिंबू व केळे याच नावांनी शिकविली जातात. कण्यावरील लहानसे छिद्र नजरेतून निसटू शकते, परंतु डोक्यातील ही दोन चिन्हे बहुधा निसटत नाहीत.

ज्या मातेच्या आधीच्या बाळाला असा दोष होता तिच्यासाठी ही पाहणी विशेष महत्त्वाची. मात्र तिच्या बाबतीतील खरे काम गर्भ राहण्यापूर्वीच सुरू व्हावयास हवे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात, गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेतलेल्या अशा मातांमध्ये दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. कण्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत बंद होते. म्हणजे पाळी चुकल्याचे ध्यानात येऊन गोळी सुरू करेपर्यंत बहुतेक वेळा मुहूर्त टळलेला असतो.

‘सर्व नॉर्मल आहे ना?’ हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो आणि त्याला एका शब्दात उत्तर हवे असते. प्रामाणिक उत्तर थोडे लांब आहे. शंभरात दोन ते तीन बाळांत जन्मतः एखादा महत्त्वाचा दोष असतो. त्यांपैकी बरेच या तपासणीत दिसतात, सर्व दिसत नाहीत. हृदयातील लहान छिद्र, ऐकू न येणे, बुद्धीची वाढ, रक्तातील विकार यांविषयी सोनोग्राफी फारसे काही सांगू शकत नाही. मातेचे पोट स्थूल असेल किंवा बाळ पाठ करून बसले असेल तर दिसणारेही अस्पष्ट होते. उलटपक्षी, कित्येकदा अहवालात एखादे असे वाक्य येते की वाचून घरात चूल पेटू नये. बाळाच्या हृदयातील पांढरा ठिपका हे त्याचे नेहमीचे उदाहरण. हा ठिपका आशियाई वंशाच्या गर्भांत तुलनेने अधिक दिसतो; इतर काही वावगे नसेल आणि रक्ताच्या चाचण्यांत जोखीम कमी असेल तर त्याचा हृदयविकाराशी संबंध नसतो. मेंदूतील कोरॉइड प्लेक्ससमध्ये दिसणाऱ्या लहान पाण्याच्या गाठींचेही तसेच. एरवी सारे ठीक असल्यास त्या पुढे आपोआप विरतात. अहवाल हातात पडताच ओळखीपाळखीच्यांना वाचून दाखविण्यापेक्षा तो प्रथम आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावा.

जुना व्रण आणि खाली बसलेली वार

दुसऱ्या खेपेतील सर्वांत गंभीर प्रश्न बाळाविषयी नसून वारेविषयी आहे. विसाव्या आठवड्यात वार गर्भाशयमुखाच्या जवळ दिसणे ही तशी सामान्य गोष्ट आहे. पुढे गर्भाशयाचा खालचा भाग ताणून वाढतो आणि वार वर सरकल्यासारखी होते. म्हणून अशा स्त्रीची बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करतात. तेव्हा वारेची कड मुखापासून २० मिलिमीटर वा अधिक दूर असेल तर चिंता मिटली असे समजावे. बहुतेक स्त्रियांत ती मिटतेच.

पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीचा विचार वेगळा करावा लागतो. सिझेरियनचा छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात, पुढच्या बाजूस असतो. तेथील अस्तर व्रणामुळे विरळ झालेले असते. वार नेमकी याच जागी रुजली, तर मध्ये अस्तराचा अडसर नसल्याने तिची मुळे गर्भाशयाच्या स्नायूत शिरतात, क्वचित तो भेदून लगतच्या मूत्राशयापर्यंत पोचतात. प्रसूतीनंतर अशी वार आपोआप सुटत नाही. ओढून काढण्याचा यत्न केल्यास काही मिनिटांत कित्येक लिटर रक्त जाते आणि गर्भाशय काढून टाकण्याची पाळी येते. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, तीस हजारांहून अधिक सिझेरियनच्या अभ्यासातील आकडे बोलके आहेत. वार मुखावर असलेल्या स्त्रियांत ती स्नायूत रुतलेली आढळण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी शंभरात ३ होते, दुसऱ्या वेळी ११ आणि तिसऱ्या वेळी ४०. खाली बसलेली वार हा प्रकारच मुळात विरळ, हे खरे. परंतु ज्या घरात ती असेल त्या घरासाठी विरळपणाचा आधार कोणता?

विसाव्या आठवड्यात ही शंका आली तर हातात चार महिने असतात. वार व स्नायू यांमधील काळी रेघ नाहीशी झाली आहे काय, वारेत वेड्यावाकड्या पोकळ्या दिसतात काय, मूत्राशयाची कड तुटक भासते काय, हे अनुभवी तज्ज्ञाने पुन्हा पाहावे. शंका दृढ झाल्यास रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ आणि नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग एकाच छताखाली असलेल्या रुग्णालयात नाव घालून, साधारणतः चौतिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यांत प्रसूती ठरवून करतात. मातेचे हिमोग्लोबिन आधीच वाढविता येते, रक्ताची सोय करून ठेवता येते. तीच वार प्रथमच शस्त्रक्रियेच्या टेबलावर, रात्री, लहान गावातील प्रसूतिगृहात दिसली, तर कुशल हातांचाही उपाय चालत नाही. एवढ्यासाठी तरी, पूर्वी सिझेरियन झालेल्या कोणत्याही स्त्रीने ही सोनोग्राफी टाळू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेळेचे बंधन कायद्यानेही घातले आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात वीस आठवड्यांची मर्यादा होती. २००८ साली वीस आठवडे उलटल्यावर बाळाच्या हृदयातील गंभीर दोष कळलेल्या मुंबईच्या एका दांपत्यास उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली आणि हा विषय देशभर चर्चिला गेला. २०२१ च्या सुधारणेनंतर ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि गर्भात ठळक दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही परवानगी मिळू शकते. तथापि दोष कळला म्हणजे गर्भपातच, असे मुळीच नाही. हृदयातील मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल असलेल्या बाळाचा जन्म हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात झाला, तर ते वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

तपासणीपूर्वी भरून घेतल्या जाणाऱ्या ‘एफ’ अर्जाविषयी दुसरेपणाच्या स्त्रियांची विशेष नाराजी असते. त्यात हयात मुलगे किती, मुली किती आणि त्यांची वये काय, असे विचारलेले असते. एक किंवा दोन मुली असलेल्या मातेस हा प्रश्न बोचतो. आपल्याकडे संशयाने पाहिले जाते असे वाटते. हा अर्ज १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालील आहे आणि तो प्रत्येकीकडून भरून घेतला जातो. असा कायदा करणारे पहिले राज्य महाराष्ट्रच होते, १९८८ साली. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ भरली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या अर्जातील त्रुटी निव्वळ कारकुनी मानता येणार नाहीत असा निर्वाळा दिला आहे. लिंग विचारणारा पती वा नातेवाईकही कायद्याने दोषी ठरतो, आणि स्त्रीवर त्यांनीच दबाव आणला असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कोणी केले असेल त्याला घरातील वास्तव चांगले ठाऊक असले पाहिजे.

तपासणीस येताना उपाशी राहण्याचे कारण नाही. या काळात लघवी तुंबवून ठेवण्याचीही सहसा गरज पडत नाही. ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीच्या सोनोग्राफीचे कागद बरोबर असावेत. पहिले बाळंतपण आपल्याकडे प्रायः माहेरी होते आणि त्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्डही माहेरच्या कपाटात राहते. ते मागवून घ्यावे. सिझेरियन का झाले, छेद आडवा की उभा, वार काढताना त्रास झाला काय, हे त्यावरूनच कळते. मातेचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर पहिल्या बाळंतपणानंतर अँटी-डी इंजेक्शन दिले होते किंवा नाही, हेही त्यात सापडेल. ते दिले गेले नसल्यास मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे दुसऱ्या बाळाच्या रक्तपेशी नष्ट करू शकतात. म्हणून तिची रक्ततपासणी करतात, व आवश्यक वाटल्यास बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिनीचा वेग डॉप्लरने मोजून त्याला रक्तक्षय होत आहे काय, याचा अंदाज घेतात.

तपासणीस अर्धा तास तरी लागतो. फार वेळ उताणे पडल्याने चक्कर आल्यास तसे लगेच सांगून डाव्या कुशीवर वळावे. बाळ पालथे असेल व हृदय दिसत नसेल तर मातेस थोडे चालून, काही खाऊन येण्यास सांगतात, कधी आठवड्याने पुन्हा बोलावतात. पुन्हा बोलावले म्हणजे दोष सापडला असे नव्हे. बहुतेक वेळा बाळाने कूस बदललेली नसते, इतकेच.