भाषांतराखालची सही काय सांगते?



परीक्षांचे निकाल लागले, किंवा घरातले कोणी परदेशी नोकरीला निघाले, की आमच्या कार्यालयात एक विनंती हमखास येते : "फादर, हा दाखला इंग्रजीत करून त्यावर चर्चचा शिक्का मारून द्या." बाप्तिस्म्याचा व विवाहाचा दाखला आम्ही आपल्या नोंदवहीवरून अवश्य देतो. परंतु शाळेच्या किंवा तहसील कचेरीच्या कागदाचे भाषांतर आमच्या शिक्क्याने प्रमाणित होईलच असे नाही. प्रवेशाची वा व्हिसाची मुदत जवळ आली असता धावपळ नको, म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

तीन कागद, तीन प्रश्न

पहिला कागद म्हणजे प्रमाणित प्रत, म्हणजेच खरी नक्कल. मूळ नोंद ज्या कार्यालयात आहे तेथील अधिकारी ती देतो. "नोंदवहीत असेच लिहिले आहे का?" या प्रश्नाचे ते उत्तर असते.

दुसरा म्हणजे प्रमाणित भाषांतर. भाषांतरकार लिहून देतो, "मला दोन्ही भाषा येतात; हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे," आणि खाली नाव, पत्ता, तारीख व सही करतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला असेच निवेदन लागते. जर्मनीत न्यायालयाने शपथ दिलेले भाषांतरकार असतात. आपल्याकडे देशभर लागू असा एकच परवाना नाही. मात्र १९५२ च्या नोटरी कायद्याने नोटरीला भाषांतर करण्याचा व ते पडताळण्याचा अधिकार दिला आहे. "मुळात जे आहे तेच इथे आले आहे का?" एवढ्याच प्रश्नाचे हे उत्तर.

तिसरा म्हणजे अपोस्टिल. १९६१ च्या हेग करारातील ही पद्धत भारतात १४ जुलै २००५ पासून लागू झाली. राज्य पातळीवरील पडताळणीनंतर परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिल देते. "ही सही व हा शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे का?" हे त्यातून कळते. करारात नसलेल्या देशांसाठी दूतावासाचे प्रमाणीकरण लागते.

आता लक्षात घ्या : मजकुरातील गोष्ट खरी आहे, असे या तिन्हींपैकी एकही कागद सांगत नाही. एखादे विधान खरे असणे आणि ते जसेच्या तसे सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषांतरकार साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

चूक असेल तर?

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक आणि आधारवर दुसरी, असे आपल्या अनेक घरांत आहे. काही जण म्हणतात, "इंग्रजी करताना तेवढे दुरुस्त करून टाका." असे भाषांतर खोटे ठरते, आणि त्याचा भार अखेर आपल्याच मुलावर पडतो. चूक मुळाशी दुरुस्त करावी. जन्मनोंदीतील चूक १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे निबंधकाकडून, शाळेच्या नोंदीतील चूक शाळेमार्फत. भाषांतर त्यानंतर.

आपल्या भागातील अडचणी

जुन्या कागदांवर जिल्हा "पूर्व खानदेश" असतो. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि १९६० साली पूर्व खानदेशाला जळगाव हे नाव मिळाले. भाषांतरात "पूर्व खानदेश" असेच राहिले पाहिजे. खुलासा हवा तर तो चौकटी कंसात, भाषांतरकाराची टीप म्हणून द्यावा. "रामा वल्लद दगडू" यातील "वल्लद" म्हणजे "चा मुलगा"; ते आडनाव नव्हे. "बिन" शब्दाचेही तसेच.

सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात शिकलेल्यांचे दाखले हिंदीत असतात. लिपी आपलीच म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण हिंदीतली "शिक्षा" म्हणजे शिक्षण, आणि मराठीतली शिक्षा म्हणजे दंड!

मोडी कागदांचा प्रकार आणखी वेगळा. तेथे भाषा मराठीच असते, लिपी मात्र वेगळी. म्हणून आधी देवनागरीत लिप्यंतर व गरज असेल तर मग भाषांतर. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची किती गरज आहे हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. आपल्या आदिवासी कुटुंबांनाही जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. एका शब्दाच्या चुकीच्या वाचनाने मुलीचा प्रवेश अडू शकतो.

काय करावे?

१. कागद कोणाला द्यायचा आहे त्यांना आधी विचारा : साधे प्रमाणित भाषांतर चालेल, नोटरी हवी, की अपोस्टिलही?

२. जन्मदाखल्यावर मराठीसोबत इंग्रजी असेल तर भाषांतराचा खर्च कदाचित वाचेल. आधी पाहून घ्या.

३. भाषांतर संपूर्ण हवे. शिक्के, शेरे, मागील बाजू, खाडाखोड, न वाचता येणारी जागा, सर्वांचा उल्लेख हवा.

४. नावाचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे ठेवा. पण मुळात नावच वेगळे असेल तर ते बदलू नका.

५. भाषांतर नातेवाइकाकडून करून घेऊ नका. आपल्या लाभाच्या कागदाला आपल्याच माणसाची साक्ष दुबळी ठरते.

६. मोबाईल क्षणात भाषांतर करून देतो. समजून घेण्यासाठी ते उपयोगी आहे. पण त्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते. सही म्हणजे तीच जबाबदारी. म्हणून सही करणाऱ्याने प्रत्येक ओळ मुळाशी ताडून पाहिली आहे ना, हे विचारायला संकोच करू नका.

या आठवड्यात घरातील दाखले एकत्र काढून नाव, जन्मतारीख व वडिलांचे नाव जुळते का ते पाहा. फरक आढळला तर आजच दुरुस्तीला लागा. दाखल्यांचा अर्ज कसा लिहावा हे कोणाला समजत नसेल, तर रविवारच्या मिस्सानंतर कार्यालयात यावे. आम्ही मदत करू.