सांध्यात डोकावणारी दुर्बीण

गुडघ्याचा सांधा ही चहूबाजूंनी बंद अशी पोकळी आहे. मांडीचे व नडगीचे हाड यांच्यामध्ये अर्धचंद्राकृती दोन कूर्चा असतात. त्या शरीराचा भार विभागून घेतात. पाय रोवलेला असता गुडघा पिळला गेला, तर कूर्चा फाटू शकते. क्ष-किरणचित्रात हाडे दिसतात, कूर्चा दिसत नाही. म्हणून पूर्वी निश्चित निदानासाठीसुद्धा पुष्कळदा सांधा उघडावा लागे.

सांधा न उघडता आत पाहता येईल काय? १९१८ साली टोकियो येथे केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. क्षयाने गुडघा ताठला की रोग्यास गुडघे दुमडून जमिनीवर बसता येत नसे. जपानी जीवनात ही मोठीच अडचण होती. तो रोग आरंभीच ओळखावा, हा त्यांचा हेतू होता. पुढे त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी उपकरणात सुधारणा केल्या आणि १९६२ साली त्याच्या साहाय्याने कूर्चेचा केवळ फाटलेला भाग काढला.

आज ही शस्त्रक्रिया अशी होते. भूल देऊन सांध्यात निर्जंतुक मीठपाणी सोडतात. त्यामुळे पोकळी फुगते. मग दोन-तीन लहान छेद घेतात. एकातून सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते व आतील दृश्य पडद्यावर उमटते. दुसऱ्यातून बारीक आकडी घालून शल्यचिकित्सक कूर्चा चाचपतो आणि त्याच वाटेने फाटका भाग कापतो अथवा शिवतो. रोगी बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

जखम लहान राहते, हा एक लाभ झाला. पण मोठा लाभ निराळाच आहे. पूर्वी फाटलेली कूर्चा सबंध काढून टाकीत. अशा गुडघ्यांत पुढे झिजेची चिन्हे दिसतात, हे ब्रिटनमधील फेअरबँक यांनी १९४८ साली दाखविले. दुर्बिणीमुळे निरोगी भाग राखता येऊ लागला.

तथापि हा सर्व दुखण्यांवरील उपाय नव्हे. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात झिजलेल्या गुडघ्यांचे १८० रोगी होते. काहींचा सांधा दुर्बिणीने धुतला वा साफ केला. काहींच्या केवळ त्वचेवर छेद घेतले. वेदनांच्या बाबतीत पहिल्यांना दुसऱ्यांहून अधिक आराम पडला नाही. द्वार लहान असले, तरी ते उघडण्यास सबळ कारण हवेच.