टाकीलाही श्वास लागतो

इंजिनच्या डिझेल पंपावर १४ हजार रुपये घालून झाले आणि तिसऱ्याच खेपेला गाडी मढच्या पुढे पुन्हा बंद पडली. मागे हौद्यात टोमॅटोचे क्रेट, पहाटेच्या आत वाशी गाठायची, आणि मी केबिनच्या पायरीवर डोकं धरून बसलेला. पंधरा मिनिटांनी सेल मारला तर एका झटक्यात सुरू. जणू काही झालंच नव्हतं.

गाडी जुनी, सहा चाकी, इनलाइन पंपाची. त्या पंपाला आमच्याकडे अजून मायकोच म्हणतात. कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, पण ती बातमी आळेफाट्याच्या गॅरेजांपर्यंत पोचलेली दिसत नाही. अशा गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. डिझेल आणि हवा मिळाली की ती चालते, त्यामुळे बंद पडायची कारणंही मोजकीच. तरी मी अडीच महिने भलत्याच टोकाला शोधत होतो, म्हणून हे लिहितोय.

माझी खेप ठरलेली: नारायणगावला माल भरायचा, पेट्रोल पंपावर टाकी फुल करायची, आळेफाट्यावरून डावीकडे वळून ओतूर, मढ, माळशेज, मुरबाड, कल्याण करत वाशी. ओतूर मागे पडलं की गाडीची ओढ कमी व्हायची. पॅडल दाबावं तर दोन-तीन गचके, आणि खलास. थोडं थांबलं की पुन्हा चालू. येताना मात्र रिकाम्या गाडीला काही म्हणजे काही व्हायचं नाही.

ज्याला सांगावं तो म्हणे, लोडवर पडते, म्हणजे पंपच. मलाही पटलं. आधी दोन्ही फिल्टर बदलले, मग फीड पंप, मग मोठा पंप उतरवून कॅलिब्रेशनला दिला आणि त्याबरोबर नोझलही. दर वेळी पहिली खेप बरी जायची आणि मला वाटायचं, जमलं. खरं तर ‘लोडवर पडते’ या दोन शब्दांनीच माझे पैसे खाल्ले.

त्यात एकदा गाडी माळशेजच्या उतारावर बंद पडली. तिसरा गिअर, पॅडलवरून पाय काढलेला. वळणाआधी दुसरा टाकावा म्हणून क्लच दाबला आणि स्टिअरिंग एकदम दगड झालं. इंजिन केव्हाच मेलं होतं, मला पत्ताच नव्हता. उतारावर चाकंच गिअरमधून त्याला फिरवत होती. क्लच दाबला तशी ती साथ सुटली. इंजिन थांबलं की पॉवर स्टिअरिंगचा पंप थांबतो, एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो, आणि मग हवेच्या टाकीत जे उरलं असेल त्यावर भागवायचं. मी घाबरून ब्रेक दोनदा सोडला, दोनदा दाबला. ती चूक. दर वेळी सोडला की हवा उडून जाते. ब्रेक एकदाच दाबून धरायचा आणि गाडी उभी करायची. मला वाचवलं ते एवढ्यानंच, की गिअर अजून निघाला नव्हता. क्लच सोडला, इंजिन पुन्हा चाकांबरोबर फिरायला लागलं, स्टिअरिंग हातात आलं आणि गाडी डोंगराच्या अंगाला लावता आली. क्लीनरनं चाकाखाली दगड लावला तेव्हा त्याचे हात कापत होते. माझेही. (जाताना तो दगड उचलून बाजूला टाका. मागून मोटारसायकलवाला येत असतो.)

दुखणं सापडेपर्यंत या गाडीनं घाट उतरायचा नाही, असं त्याच रात्री ठरवलं. ऐन हंगामात भाडी सोडली म्हणून घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच. मग आळेफाट्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

“बाबा, पंप परत उतरवायचा का?”

“वही आण. कुठं पडली, किती वाजता, माल किती होता, टाकीत डिझेल किती होतं, आणि मरताना कशी मेली. पंधरा दिवस लिही, मग ये.”

मला राग आला. पण घाट बंदच होता, म्हणून ओतूर ते बेल्हे असा विटा आणि खताचा जवळपासचा माल ओढायला लागलो. खिशात पैसे नव्हते, टाकी कधी अर्ध्याच्या वर गेली नाही. काठोकाठ विटा भरून आठ दिवस फिरलो, गाडी एकदाही पडली नाही. नवव्या दिवशी भाड्याचे पैसे आले, टाकी फुल केली आणि रिकामी गाडी घेऊन घरी निघालो. पंचवीस किलोमीटरवर बंद. वहीत ‘माल नाही’ आणि ‘टाकी फुल’ हे शेजारी शेजारी लिहिताना माझा पेन थांबला.

मिस्त्रींनी वही वाचली, सरळ टाकीपाशी गेले आणि झाकण फिरवलं. आत ‘सूंऽऽ’ करून हवा गेली आणि टाकीचा पत्रा ‘डब्ब’ करून बाहेर आला. त्यांनी झाकण उलटं केलं. आत खताच्या गोणीतल्या प्लास्टिकचा गोल कापलेला तुकडा होता.

तो मीच कापला होता. थंडीत एका रात्री कोणीतरी डिझेल काढून नेलं, म्हणून बाजारातलं कुलुपाचं झाकण घेतलं. त्याचं रबर नीट बसेना, वळणावर डिझेल सांडायचं. मी प्लास्टिक घालून ते घट्ट केलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन विसरून गेलो. झाकणाला हवा घ्यायचं बारीक भोक असतं, ते त्या प्लास्टिकनं बुजलं. डिझेल जाईल तितकी हवा आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते आणि फीड पंपाला डिझेल उचलता येत नाही. टाकी फुल असली की वर हवेला जागाच थोडी, त्यामुळे थोडं डिझेल गेलं तरी गळा आवळला जातो. अर्ध्या टाकीला तेवढ्यानं काही होत नाही. पंधरा मिनिटं थांबलं की कुठून तरी मुंगीच्या पावलानं हवा शिरायची, आणि गाडी चालू. माल भरलेला असतानाच टाकीही भरलेली असायची, एवढाच लोडचा संबंध.

तेव्हा तुमची जुनी गाडी अशी मधेच मरत असेल तर पहिली गोष्ट, ती कशी मरते ते बघा. दिवा विझावा तशी फटकन मेली तर आधी स्टॉपर बघा: सोलेनॉइड असेल तर त्याची वायर आणि अर्थ, केबल असेल तर ती कुठं अडकून ओढली जाते का. गचके खात, धापा टाकत मेली तर डिझेल. पडल्या पडल्या, सेल मारायच्या आधी, टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. याला खर्च शून्य आहे. काही टाक्यांना झाकणात भोक नसतं, वेगळी बारीक नळी असते. तिच्यात चिखल बसतो, कुंभारमाशी घर करते.

झाकण ठीक निघालं तर टाकीतल्या उचलनळीची जाळी बघा. चिंधीचा तुकडा तिला चिकटतो, गाडी थांबली की सुटून खाली बसतो; लक्षण हुबेहूब माझ्यासारखंच. मग टाकी ते फीड पंप ही लाइन. इथं एक फसगत होते. ही ओढीची बाजू असल्यानं इथल्या छिद्रातून डिझेल बाहेर सांडेलच असं नाही, चालत्या गाडीत ते छिद्र हवा आत घेतं. कोरडा जॉइंट बघून समाधान मानू नका. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी घाला, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. लाइनच्या बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर जुने परत लावू नका. पावसाळ्यात फिल्टरखालचं पाणी सोडून बघा.

तरी उमगेना, तर डिझेलचा स्वच्छ कॅन गाडीला घट्ट बांधून फीड पंपाला थेट जोडा. रिटर्नची नळीही त्यातच सोडा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होतो. त्यावर इंजिन जागेवर तासभर रेस करून चाललं, तर दुखणं टाकीकडचं. तरीही मेलं, तरच पंपाला पाना लावा.

झाकणाचं नवीन रबर ६० रुपयांना मिळालं. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, वही मात्र ठेवून घेतली. आता कोणी ‘लोडवर पडते’ म्हणत आला की ती त्याच्या हातात देतात.