जुना कॅमेरा घेताना : हिशेब बॉडीचा नव्हे, पूर्ण संचाचा

लग्नसराईच्या तोंडावर शाखेत एक तरुण खातेदार आला. त्याला ४०,००० रुपयांची मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडायची होती. लग्न, मुंज, बारसे यांचे फोटो काढून चार पैसे मिळवायचे, म्हणून त्याने वापरलेला फुल फ्रेम कॅमेरा पाहून ठेवला होता. किंमत ३८,०००.

"लेन्सचे काय?" मी विचारले.

"ती नंतर बघू, मॅडम. आधी बॉडी हातची जायला नको."

ठेव त्याची, निर्णयही त्याचाच. पण उरलेल्या २,००० रुपयांत लेन्स, फ्लॅश, कार्ड काहीच येणार नव्हते. म्हणजे ठेव मोडून घेतलेला कॅमेरा पहिल्या लग्नाला निरुपयोगी ठरला असता. आम्ही कागद घेऊन बसलो. तोच हिशेब या धड्यात दिला आहे.

१. आधी माउंट ठरवा

बॉडीला लेन्स जिथे बसते त्या जोडणीला माउंट म्हणतात. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीवर सहसा सरळ बसत नाही. म्हणून पहिली खरेदी करताना आपण पुढच्या सगळ्या खरेदीची वाट ठरवत असतो.

निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून आहे आणि कॅननचा ईएफ १९८७ पासून. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आरशाविना चालणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. अनेक व्यावसायिक तिकडे वळले आणि त्यांचे जुने डीएसएलआर बाजारात आले. थोडक्या पैशांत सुरुवात करणाऱ्याला हे सोयीचे आहे. या जुन्या लेन्स ॲडॉप्टर लावून त्याच कंपनीच्या नव्या मिररलेस बॉडीवर वापरता येतात, त्यामुळे लेन्सवर घातलेला पैसा सहसा वाया जात नाही.

दोन खाचखळगे मात्र माहीत हवेत. निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांवर जुन्या एएफ-डी लेन्स आपोआप फोकस करत नाहीत. डी ७२०० मध्ये ती मोटर आहे. कॅननच्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत.

२. रकमेची वाटणी करा

पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचे भाव घालून हाच तक्ता भरा.

एपीएस-सी सेन्सरची वापरलेली बॉडी : १७,०००
१८–५५ मिमी झूम लेन्स : ३,०००
५० मिमी एफ १.८ लेन्स : ६,०००
फ्लॅश : ४,०००
दुसरी बॅटरी, दोन कार्डे, बॅग : ४,०००
दुरुस्तीसाठी राखीव : ६,०००
एकूण : ४०,०००

बॉडीवर निम्म्याहून कमी रक्कम ठेवली आहे. बॉडीची किंमत लवकर उतरते. चांगली लेन्स भाव जास्त काळ टिकवते. शिवाय मंगल कार्यालयातल्या अपुऱ्या उजेडात लेन्सच कामी येते. साधी झूम लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ ची लेन्स तिच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते.

राखीव रक्कम खर्चू नका. वापरलेल्या वस्तूला बहुधा वॉरंटी नसते. हे ६,००० हीच तुमची वॉरंटी.

३. पारखून घ्या

मुंबईचा बोरा बाजार असो, दिल्लीच्या चांदनी चौकातला कूचा चौधरी असो की ओळखीच्या माणसाचे घर, वस्तू हातात घेऊन दिवसाउजेडी तपासा.

• शटर किती वेळा चालले ते विचारा. निकॉनने डी ७२०० चे शटर १,५०,००० वेळा चालवून तपासले आहे. मोजणी या आकड्याच्या जवळ असेल तर भाव त्या मानाने कमी हवा.
• मोबाइलची बॅटरी लावून लेन्समधून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. किनारपट्टीच्या दमट गावांत हे विशेष पाहा.
• पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढून मोठा करून पाहा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ किंवा डाग.
• स्वतःचे कार्ड घालून पन्नासेक फोटो काढा. प्रत्येक बटण दाबा, फ्लॅश लावून पाहा, बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा.
• मूळ बिलावरचा अनुक्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळवा. बिल नसेल तर विक्रेत्याकडून अनुक्रमांकासह सहीची पावती आणि ओळखपत्राची प्रत घ्या. चोरीचा माल स्वस्त मिळाला तरी शेवटी महागच पडतो.

४. पैसे देताना

"बदली झाली आहे, म्हणून स्वस्तात देतो, आधी टोकन पाठवा" असे म्हणणाऱ्याला वस्तू पाहण्याआधी एक रुपयाही पाठवू नका. व्यवहार समोरासमोर करा आणि पैसे खात्यातून द्या, म्हणजे नोंद राहते. पुढे हाच कॅमेरा विकाल तेव्हाही लक्षात असू द्या : पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

५. पैसा कुठून आणायचा?

ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास बहुतेक बँका व्याज कमी देतात. मुदत संपायला थोडेच महिने असतील तर ठेवीवरच्या कर्जाची चौकशी करा. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. वैयक्तिक कर्ज महाग पडते. ४०,००० रुपये १५ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १,९४० रुपये येतो आणि व्याजापोटी सुमारे ६,५५० रुपये जातात. म्हणजे राखीव रकमेहूनही जास्त.

घाई नसेल तर दरमहा ३,००० रुपयांचे आवर्ती खाते उघडा. वर्षात ३६,००० रुपये आणि वर व्याज जमते. तोवर भाड्याने कॅमेरा घेऊन दोन-चार कामे करून पाहा. हा धंदा आपल्याला जमतो का, तेही कळेल.

६. किती कामांत वसूल?

राखीव रक्कम सोडून खर्च ३४,००० रुपये. प्रवास, अल्बम वगैरे वजा जाता एका कामातून २,००० रुपये हाती राहिले, तर १७ कामांत भांडवल सुटते. तुमच्या भागात वर्षाकाठी तेवढी कामे मिळतील का? याचे खरे उत्तर आधी स्वतःला द्या.

आमच्या खातेदाराने आठवडाभर विचार केला. ठेव मोडली, पण घेतला तो एपीएस-सी बॉडीचा पूर्ण संच. ६,००० रुपये पुन्हा बचत खात्यात ठेवले. चौथ्या महिन्यात फ्लॅश बंद पडला. दुरुस्ती त्याच पैशांतून झाली, उधारी करावी लागली नाही.

स्वाध्याय : शिलाई यंत्र, लॅपटॉप किंवा पाण्याचा पंप यांपैकी तुम्हाला हवी असलेली एक जुनी वस्तू निवडा. मुख्य वस्तू, जोडसाहित्य, राखीव रक्कम असे तीन भाग करून तिचे अंदाजपत्रक लिहा. मुख्य वस्तूवरच सगळी रक्कम संपत असेल, तर खरेदी पुढे ढकला किंवा लहान वस्तू निवडा.