ससेपालन करताय? मग लिव्हरचा हा रोग आधी समजून घ्या

व्हिडिओत आपण ससेपालनाचा खर्च मांडला. आता ज्या गळतीने हा हिशोब बिघडतो, ती बघू. तिचं नाव लिव्हर कॉक्सिडिओसिस.

कारण: आयमेरिया स्टीडे नावाचा एकपेशीय परजीवी. तो लिव्हरमधल्या पित्तनलिकांमध्ये वाढतो. त्याची सूक्ष्म बीजं, म्हणजे ऊसिस्ट, लेंडीतून बाहेर पडतात.

लक्षणं: दूध सुटलेल्या पिल्लांना जास्त धोका. खातात, पण वजन धरत नाहीत. पोट सुटतं, कधी जुलाब, कधी कावीळ. पोस्टमॉर्टेममध्ये लिव्हर मोठं आणि त्यावर पांढरट-पिवळट गाठी दिसतात. मोठा ससा वरून ठणठणीत दिसतो, पण तोच रोग पसरवत असू शकतो.

म्हणजे खाद्याचं बिल चालू आणि माल तयार नाही. दुकानदाराच्या भाषेत, डेड स्टॉक!

आता मुख्य मुद्दा: ताज्या लेंडीतलं ऊसिस्ट लगेच रोग देत नाही. ओल, ऊब आणि हवा मिळाली की साधारण २ ते ३ दिवसांत ते पक्व होतं. मग चारा-पाण्यातून पोटात गेलं की लागण. म्हणून आठवड्यातून एकदा झकास सफाई करण्यापेक्षा रोजची साधी सफाई जास्त कामाची.

रोजची यादी लिहून शेडमध्ये लावा:

१. पिंजऱ्याचा तळ जाळीचा हवा, लेंड्या खाली पडल्या पाहिजेत. जाळीला चिकटलेल्या रोज काढा.
२. चारा जमिनीवर टाकू नका. पाण्यासाठी निपल लावा, गळती लगेच थांबवा.
३. शेड कोरडी ठेवा. नेहमीच्या जंतुनाशकांना ऊसिस्ट दाद देत नाही. रिकामा लोखंडी पिंजरा धुऊन, वाळवून, बाहेर नेऊन फ्लेम गनने शेकवा.
४. नवीन ससे आधी वेगळे ठेवा. लेंडी तपासून घ्या.

औषध: सल्फा गटातली औषधं, टोल्ट्राझुरिल वापरतात, पण डोस पशुवैद्यकांनीच ठरवायचा. कोंबडीचं खाद्य सशाला देऊ नका. त्यातली काही कॉक्सिडियाविरोधी औषधं सशाला विषारी ठरतात.

भांडवल कमी असेल तर दहा मादींऐवजी पाचच घ्या, पण तळाच्या जाळीत काटकसर नको. आणि दर आठवड्याला पिल्लांचं वजन वहीत लिहा. लक्षणं दिसायच्या आधी आकडा बोलतो.

तुमच्या शेडची सफाई कोण करतं, किती वाजता? आधी हे ठरवा, मगच ससे आणा. भेटू पुढच्या व्हिडिओत!