अखंड फाइल सेवा : दोन सर्व्हर, एक दप्तर

कार्यालयाचे दप्तर कपाटातून संगणकात गेले तेव्हा मोठी सोय झाली आणि तिच्याबरोबर एक जोखीमही आली. कपाटाचे कुलूप बिघडले तर एका शाखेचे काम अडते. परंतु ज्या सर्व्हरवर साऱ्या कार्यालयाच्या फाइली ठेवल्या आहेत तो बंद पडला, तर प्रत्येक मेजावरील काम एकाच क्षणी थांबते. दाखल्यासाठी खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच उत्तर मिळते. असे उत्तर देण्याची वेळ क्वचितच यावी म्हणून जी व्यवस्था उभारली जाते, तिला उच्च उपलब्धतेची फाइल सेवा म्हणतात. दोन किंवा अधिक सर्व्हरांचा समूह, म्हणजेच क्लस्टर, हा तिचा पाया होय.

उपलब्धता टक्क्यांत मोजतात, आणि हे टक्के फसवे असतात. वर्षाचे तास ८,७६०. ९९ टक्के उपलब्धता ऐकावयास उत्तम वाटते. पण उरलेला एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक काळ. ९९.९ टक्क्यांत सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद राहू शकते, तर ९९.९९ टक्क्यांत जेमतेम ५३ मिनिटे. एकाच सर्व्हरवर विसंबून, तो जळाल्यावर सुटा भाग मागवून, ही शेवटची मर्यादा पाळणे शक्य नाही.

रचना

कल्पना जुनीच आहे. डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकी कंपनीने १९८३ मध्ये आपल्या व्हॅक्स संगणकांचा समूह जाहीर केला होता. एका संगणकावरील फाइली दुसऱ्यांना नेटवर्कवरून वापरू देणारी ‘एनएफएस’ ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास विकसित केली. ती आजही प्रचारात आहे. आज लिनक्स प्रणालीवर असा समूह मोफत उपलब्ध असलेल्या सॉफ्टवेअरमधून उभा करता येतो.

सर्वांत साधी रचना दोन सर्व्हरांची. एक काम करतो, दुसरा सज्ज राहतो. ‘कोरोसिंक’ हा भाग दोघांत सतत संदेशांची देवघेव चालू ठेवतो. ‘मी जिवंत आहे’ एवढाच त्यांचा आशय. ‘पेसमेकर’ हा भाग निर्णय घेतो : कोणती सेवा कोठे चालावी, केव्हा हलवावी. ‘डीआरबीडी’ हा २०१० पासून लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट असलेला भाग एका सर्व्हरच्या डिस्कवरील प्रत्येक नोंद दुसऱ्याच्या डिस्कवर उतरवितो. दोन्ही डिस्कांवर नोंद झाल्याखेरीज लेखन पूर्ण झाले असे न मानण्याची सोय त्यात आहे. याने वेग थोडा मंदावतो. दोन सर्व्हरांतील अंतर वाढले की अधिकच. पोच न घेता पुढे जाण्याची वेगवान पद्धतही आहे, पण तीत अपघाताच्या वेळी अखेरच्या काही नोंदी हरवू शकतात. शासकीय अभिलेखांसाठी मंद पद्धतच योग्य.

सर्व्हर दोन आहेत, याची वापरकर्त्यांच्या संगणकांना गंधवार्ता नसते. त्यांना एकच नेटवर्क-पत्ता दिलेला असतो आणि हा पत्ता काम करणाऱ्या सर्व्हरबरोबर फिरतो. कार्यालय दुसऱ्या इमारतीत हलले तरी टपालपेटीचा क्रमांक तोच राहावा, तसे हे आहे.

जिवंत कोण, मृत कोण?

येथवर सारे सोपे वाटते. खरी अडचण पुढे आहे, आणि बहुतेक फसलेल्या उभारण्या याच ठिकाणी फसतात. दुसऱ्या सर्व्हरकडून संदेश येणे थांबले, याचा अर्थ तो बंद पडला असा होत नाही. मधली केबल तुटली असेल, स्विच बिघडला असेल किंवा तो कामाच्या ओझ्याने काही सेकंद गप्प झाला असेल. पहिला अजून काम करीत असताना दुसऱ्याने सूत्रे हाती घेतली, तर दोघेही स्वतःला अधिकारी समजून लिहू लागतात. एका सजाची फेरफार नोंदवही दोन तलाठ्यांनी दोन गावांत बसून स्वतंत्रपणे लिहावी, तसा हा प्रकार. सायंकाळी दोन्ही नोंदवह्या खऱ्या दिसतात, दोन्हींवर दिवसभराच्या नोंदी असतात, आणि एक ठेवली की दुसरीतील नोंदी जातात. सेवा तासभर बंद राहिली तर लोकांचा वेळ जातो. दप्तर दुभंगले तर दप्तरावरचा विश्वासच जातो.

यावर दोन उपाय एकत्र योजावे लागतात. पहिला बहुमताचा. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब करावी लागते, हे पंचायत सदस्यांना ठाऊकच आहे. क्लस्टरमध्येही निम्म्याहून अधिक मते जवळ असतील तोच गट काम करू शकतो. (तहकूब ग्रामसभेला गणपूर्तीची अट राहत नाही, येथे मात्र तशी सवलत नाही.) सर्व्हर दोनच असतील तर मते समसमान होतात, म्हणून तिसरे मत देणारा एक लहानसा संगणक, शक्यतो वेगळ्या खोलीत, ठेवणे इष्ट.

दुसरा उपाय कठोर आहे. गप्प झालेला सर्व्हर मृतच आहे याची खात्री करण्यासाठी त्याचा वीजपुरवठा तोडावयाचा. याचे प्रचलित नाव ‘स्टोनिथ’. मूळ इंग्रजी अर्थ, दुसऱ्या यंत्राच्या डोक्यात गोळी घाला. वीज तोडल्याची पोच आल्यावरच सज्ज सर्व्हर डिस्कला हात लावतो. उभारणी करताना ही सोय त्रासदायक वाटते आणि एका ओळीने ती बंद करता येते. अनेक जण तसे करतातही. एका म्यानात दोन तलवारी ठेवण्याचाच हा प्रकार होय. वीज तोडणारे उपकरण त्याच सर्व्हरच्या विजेवर चालत असेल, तर वीज गेल्यावर तेही मुके होते आणि पोच कधीच येत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे लागते.

हे उपायही निष्काळजीपणे योजून चालत नाही. प्रोग्रामरांचे काम साठविणाऱ्या गिटहब या कंपनीच्या फाइल सर्व्हरांच्या जोड्या याच पद्धतीच्या होत्या. २२ डिसेंबर २०१२ रोजी नेटवर्कच्या दुरुस्तीत जोडीदारांमधील संपर्क तुटला आणि काही जोड्यांतील दोन्ही सर्व्हरांनी एकमेकांना बंद करण्याचे आदेश सोडले. यंत्रे धडधाकट होती. पण कोणाची प्रत खरी, हे जुन्या नोंदी तपासून माणसांना ठरवावे लागले आणि त्यात कित्येक तास गेले. कंपनीने हा वृत्तांत स्वतः प्रसिद्ध केला. एका सर्व्हरच्या आदेशाला मुद्दाम काही सेकंदांचा विलंब ठेवावा आणि संदेशांसाठी दोन स्वतंत्र मार्ग असावेत, ते या कारणाने. दोन्ही केबली एकाच स्विचला जोडल्या तर ते दोन मार्ग नव्हेत.

सेवेचा क्रम आणि चाचणी

सूत्रे हलविताना क्रम पाळावा लागतो. प्रथम डिस्कची प्रत मुख्य म्हणून जाहीर होते, मग फाइल-व्यवस्था जोडली जाते, नंतर एनएफएस सेवा सुरू होते, आणि फिरता पत्ता सर्वांत शेवटी. पत्ता आधी आला तर वापरकर्त्याचा संगणक दार ठोठावतो आणि आत कोणी नसते. बंद करताना हाच क्रम उलटा. सामायिक फाइल-व्यवस्थेचा ओळख-क्रमांक दोन्ही सर्व्हरांवर एकच असावा. अन्यथा बदलानंतर उघड्या असलेल्या फाइली ‘शिळ्या’ ठरतात. कर्मचाऱ्यांचे वापर-क्रमांकही दोन्हीकडे तेच हवेत; नाहीतर एकाची फाइल दुसऱ्याच्या नावे दिसू लागते. बदलानंतर एनएफएसची नवी आवृत्ती जुनी कुलपे परत मिळविण्यासाठी, लिनक्सवर सहसा ९० सेकंद, नवीन कुलपे देत नाही. या काळात काम थबकलेले दिसते; तो बिघाड नव्हे.

चाचणी कागदावर होत नाही. मोठी फाइल उतरत असताना चालत्या सर्व्हरची वीज काढावी आणि उतरलेली प्रत मूळ प्रतीशी पडताळावी. नंतर वीज तशीच ठेवून फक्त नेटवर्क तोडावे. ही दुसरी चाचणी अधिक कठीण आणि अधिक महत्त्वाची. दुरुस्त झालेला सर्व्हर आपोआप सूत्रे परत घेणार नाही असेच ठेवावे, कारण प्रत्येक बदल हा कामातील लहानसा खंड असतो. त्यासाठी सुटीचा दिवस निवडता येतो.

आणखी एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. दोन सर्व्हरांवरील दोन प्रती म्हणजे सुरक्षित साठा नव्हे. चुकून पुसलेली फाइल दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसली जाते, आणि खंडणीखोर व्हायरसने बिघडविलेली फाइल तितक्याच इमानाने तिकडे पोहोचते. म्हणून रोजची वेगळी प्रत, क्लस्टरशी न जोडलेल्या ठिकाणी, पूर्वीप्रमाणेच घेत राहावी लागते आणि ती अधूनमधून उघडून पाहावी लागते.